392 पौंडांचा जुना आकडा आणि जॅन टॉड

लोहमुद्रा

चाळिशी ओलांडल्यावर मी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा जड बार उचलून ताठ उभं राहणं, शिकले. त्याला आता चार वर्षं होतील. सुरुवातीला व्यायामशाळेत बारच्या आसपास मी एकटीच बाई असायचे. पॉवरलिफ्टिंगच्या या खेळात बाईची वाट पहिल्यांदा कुणी पाडली, हे शोधताना जॅन टॉड हे नाव सापडलं आणि मग सुटलंच नाही. मराठीत तिच्यावर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

जन्म 22 मे 1952, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. माहेरचं आडनाव सफोक. वाढली फ्लोरिडात. जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात मर्सर विद्यापीठ आहे, तिथे इंग्रजी आणि तत्त्वज्ञान शिकली. टेरी टॉड तिथेच शिकवायला होता. तो प्राध्यापक तर होताच, शिवाय अमेरिकेत पॉवरलिफ्टिंगचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या अगदी पहिल्या खेळाडूंपैकी एक. 1973 मध्ये दोघांनी लग्न केलं. तोवर जॅनने वजनं उचलण्याचा गंभीरपणे विचारही केला नव्हता.

त्याच डिसेंबरात दोघं टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेली होती. तिथल्या व्यायामशाळेत जॅनला एक लहानखुरी बाई दिसली. ती 225 पौंडांची डेडलिफ्ट करत होती. 225 पौंड म्हणजे 102 किलो. जॅनने त्याच दिवशी तेवढंच वजन जमिनीवरून उचलून बघितलं, आणि ते उचललं गेलं.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त भावतो. बायकांसाठी पॉवरलिफ्टिंगच्या वेगळ्या स्पर्धा तेव्हा नव्हत्याच. म्हणजे तयारी करायची तर कशासाठी, कुणाला हरवायचं? जॅनला उत्तर मिळालं गिनेस बुकात. बायकांच्या डेडलिफ्टच्या नावावर तिथे एक ओळ होती : फ्रान्सची जेन द व्हेस्ली, पॅरिस, ऑक्टोबर 1926, 392 पौंड. समोर प्रतिस्पर्धी कुणीच नाही, तर जॅनने जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या एका बाईला प्रतिस्पर्धी मानलं आणि सरावाला लागली.

मे 1975 मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगा इथे तिने 394.5 पौंड उचलले. जुन्या आकड्यापेक्षा जेमतेम अडीच पौंड जास्त, म्हणजे किलोहून थोडंसंच वर. वयाची तेवीस वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. 225 वरून 394.5 पर्यंत पोचायला दीड वर्षाहून कमी काळ लागला. डेडलिफ्टमध्ये प्लेटा हळूहळू चढवणं म्हणजे काय असतं हे मी रोज अनुभवते, त्यामुळे हा आकडा वाचून मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

मग दोघं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात राहायला गेली. टेरी हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात शिकवायचा. राहायला न्यू जर्मनी नावाच्या खेड्याजवळ शेत घेतलं होतं. जॅन तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि शाळा सुटली की मुलामुलींना बार कसा धरायचा ते शिकवायची. घरची गुरंढोरं, शाळा, तपासायच्या वह्या, आणि या सगळ्यात स्वतःचा सराव. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या खेळातल्या तीन उचली मिळून 1,000 पौंडांपलीकडे जाणारी पहिली बाई ती याच काळात झाली. पुढे 1,100 ओलांडणारी पहिली तीच, 1,200 ओलांडणारीही तीच. 1,200 पौंड म्हणजे 544 किलो.

1977 मध्ये एका मोठ्या अमेरिकन क्रीडा साप्ताहिकाने तिच्यावर सविस्तर लेख छापला. अमेरिकन टीव्हीवरच्या जॉनी कार्सनच्या रात्रीच्या कार्यक्रमात तिने डेडलिफ्ट करून दाखवली. गिनेस बुकात तर दहाहून अधिक वर्षं जगातली सर्वांत बलवान बाई म्हणून तिचं नाव होतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा स्क्वॉट 545 पौंडांपर्यंत, म्हणजे 247 किलोपर्यंत गेला. 500 पौंडांहून जास्त स्क्वॉट करणारी ती पहिली बाई. कारकिर्दीत साठाहून अधिक राष्ट्रीय आणि जागतिक विक्रम, आणि तेही पाच वेगवेगळ्या वजनगटांत.

हे सगळे विक्रम आता मागे पडलेत. पडणारच, कारण स्पर्धा वाढल्या आणि मुली वाढल्या. मला तिच्याबद्दल जे वाटतं ते विक्रमांपेक्षा वेगळं आहे. खेळ नव्हता तेव्हा तिने जुन्या पुस्तकातली एक ओळ धरून स्वतःपुरता खेळ उभा केला. मग इतर बायकांसाठी तो खरोखर उभा राहावा म्हणून समित्यांमध्ये बसली. आणि नंतर सगळं आयुष्य ही ओळ पुसली जाऊ नये म्हणून कागदपत्रं जमवण्यात घालवलं. त्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, लेख फार लांबतोय.

---

अनाहूत

छान लिहिलंय. एक अगदी प्राथमिक प्रश्न. पॉवरलिफ्टिंग म्हणजे ऑलिंपिकमध्ये कर्णम मल्लेश्वरीने पदक मिळवलं तेच ना?

---

लोहमुद्रा

नाही, ते वेटलिफ्टिंग. त्यात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असतात, बार डोक्यावर न्यायचा असतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये बार डोक्यावर कधीच जात नाही. पहिला स्क्वॉट : बार खांद्यांमागे घेऊन बसायचं आणि उठायचं. दुसरा बेंच प्रेस : आडवं पडून बार छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. तिसरी डेडलिफ्ट : जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं. प्रत्येकाचे तीन प्रयत्न. तिन्हींतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीज म्हणजे टोटल, आणि त्यावर विजेता ठरतो.

दिसायला सोपं वाटतं, पण तीन पंच बसलेले असतात आणि तिघांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तरच उचल धरली जाते. स्क्वॉटमध्ये पुष्कळ उचली बाद होतात. मांडी आणि कंबर यांची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाच्या खाली गेलीच पाहिजे. बोटभर वर राहिलात तरी लाल दिवा.

ऑलिंपिकचं म्हणाल तर पॉवरलिफ्टिंग तिथे अजूनही नाही. पॅरालिंपिकमध्ये आहे, पण फक्त बेंच प्रेस. बायकांना तिथे प्रवेश मिळाला 2000 मध्ये सिडनीला, ज्या वर्षी मल्लेश्वरीने कांस्यपदक आणलं त्याच वर्षी, त्याच शहरात.

---

पाऊलवाट

+१. वाचतेय. पुढचं लवकर लिहा.

---

दोन_प्लेट

चांगला धागा. पण एक भर घालतो, कारण जॅन टॉडबद्दल बोलताना डिनी दगड सुटायला नकोत.

स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनशायरात डी नदीवर पॉटार्क नावाचा पूल आहे. तिथे दोन प्रचंड दगड आहेत, प्रत्येकात लोखंडी कडी बसवलेली. दोन्ही मिळून 733 पौंड, म्हणजे साधारण 332 किलो. एक 188 किलोचा आणि दुसरा 144 किलोच्या थोडा वर. ही असमान वजनंच खरा त्रास देतात, अंग एका बाजूला ओढलं जातं. डोनाल्ड डिनी नावाच्या स्कॉटिश मल्लाने 1860 मध्ये हे दगड पुलाच्या रुंदीभर वाहून नेले, म्हणून त्याचं नाव. 1979 मध्ये जॅन टॉडने ते जमिनीवरून उचलले. हे करणारी ती पहिली बाई.

---

वजनकाटा

दोन_प्लेट, माहिती बरोबर आहे पण अर्धी आहे. जॅनने ते पट्टे वापरून उचलले होते, म्हणजे मनगटाला बांधलेल्या पट्ट्यांची मदत होती. पट्ट्यांशिवाय, नुसत्या हातांच्या पकडीवर ते दगड उचलणारी पहिली बाई लेह हॉलंड-कीन, ऑस्ट्रेलियाची, 2018 मध्ये. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगायला हव्यात, नाहीतर लेहवर अन्याय होतो.

---

दोन_प्लेट

मान्य. पट्ट्यांचा उल्लेख करायला हवा होता. पण मधला काळ बघा. 1979 ते 2018. एकोणचाळीस वर्षं दुसऱ्या कुठल्याही बाईने ते दगड कुठल्याच प्रकारे उचलले नाहीत. पट्टे बांधूनही नाहीत.

---

लोहमुद्रा

दोघांचेही आभार. वजनकाटा, तुमची दुरुस्ती महत्त्वाची आहे. त्या कड्या जाड आणि अरुंद आहेत, चारही बोटं नीट मावत नाहीत. पाठ आणि पाय तयार असले तरी बोटं उघडतात. पकड हा वेगळाच प्रांत आहे. मी स्वतः सरावात जड सेटला पट्टे वापरते आणि वहीत तसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःचीच फसवणूक होत नाही.

आता समित्यांबद्दल. पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1972 मध्ये स्थापन झाला, आणि तो पुरुषांसाठीच होता. 1977 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ इथे फक्त बायकांसाठी पहिली मोठी खुली स्पर्धा झाली. तिथून तीन वर्षांत, 1980 मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल इथे बायकांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. या मधल्या काळात जॅन स्वतः उचलत होती आणि त्याच वेळी बायकांच्या खेळाचं कामकाजही बघत होती. खेळाडू म्हणून ऐन भरात असताना संध्याकाळी पत्रव्यवहार करत बसायचं, नियम कसे असावेत यावर बैठका घ्यायच्या, हे मला तिच्या 545 पौंडांइतकंच जड वाटतं.

आणि हे लक्षात घ्या : वेटलिफ्टिंगमध्ये बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली 1987 मध्ये, फ्लोरिडात डेटोना बीचला. म्हणजे ऑलिंपिकचा मान असलेल्या खेळाच्या सात वर्षं आधी या खेळाने बायकांना जागतिक मंच दिला.

---

सकाळची_फेरी

मला थोडं वेगळं म्हणायचंय. नवरा आधीच विजेता, प्रशिक्षक घरात, ओळखी सगळ्या तयार. तिच्या जागी दुसरी कुणी एकटी बाई असती तर पोचली असती का? तिचं कौतुक कमी करायचं नाही, पण हा भाग लेखात पुसट झालाय.

---

लोहमुद्रा

नाही, पुसट करायचा हेतू नव्हता, आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे. टेरीमुळे व्यायामशाळेचं दार उघडलं. 1973 मध्ये एकटी बाई जड वजनांच्या खोलीत शिरली असती तर तिला कुणी बार दाखवला असता का, मला शंकाच आहे. मला चार वर्षांपूर्वी, म्हणजे इतक्या दशकांनंतर, एका प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी गुलाबी डंबेल हातात दिले आणि "बायकांना एवढं पुरे" म्हणून सांगितलं. तेव्हा मी घरी येऊन रडले होते. मला शिकवायला पुढे दुसरं माणूस भेटलं म्हणून मी टिकले.

पण दार उघडून दिल्यावर 102 किलो उचलायचे ते तिनेच. आणि नंतर तिने तेच दार बाकीच्या मुलींसाठी धरून ठेवलं. न्यू जर्मनीच्या शाळेतल्या मुलींना घरात टेरी नव्हता, त्यांना जॅन होती.

---

वजनकाटा

टेरीबद्दल अजून एक. दोघं पुढे अलाबामात ऑबर्न विद्यापीठात गेली, तिथे शक्तीच्या सरावावर संशोधन करणारं केंद्र होतं. बिल कॅझमायरसारखा खेळाडू तिथे सराव करायचा. त्यानंतर दोघं टेक्सास विद्यापीठात आली आणि तिथेच स्थिरावली. स्टिरॉइडविरुद्ध दोघांनीही उघड भूमिका घेतली, तीही अशा काळात जेव्हा या खेळात त्याबद्दल बोलणं म्हणजे मित्र गमावणं होतं. टेरी 2018 मध्ये गेला.

---

शाईचा_डाग

विक्रमांच्या तुलनेबद्दल विचारायचं होतं. हल्ली बायका याहून कितीतरी जास्त उचलतात असं वाचलंय. 2,000 पौंडांची टोटलसुद्धा?

---

दोन_प्लेट

हो, अमेरिकेच्या बेका स्वानसनने 2,000 पौंडांची टोटल ओलांडली, तिथवर जाणारी ती पहिली बाई. पण तुलना जपून करा. ती कामगिरी अनेक थरांचे, अतिशय ताठ सूट घालून केलेली आहे. असा सूट खाली बसताना ताणला जातो आणि वर येताना स्प्रिंगसारखी मदत करतो, त्यामुळे स्क्वॉट आणि बेंचचे आकडे खूप वाढतात. आज विनासूट आणि ससूट असे वेगळे विभागच असतात. जॅनच्या काळात हे सूट नुकते कुठे येत होते. वेगवेगळ्या काळातले आकडे एकाखाली एक लिहिले की कुणालाच न्याय मिळत नाही.

तिच्याच काळातली तुलना हवी असेल तर बेव्ह फ्रान्सिस बघा. ऑस्ट्रेलियाची, मुळात गोळाफेकपटू. 300 पौंडांपलीकडे बेंच प्रेस करणारी पहिली बाई. 1980 ते 1985 सलग सहा वेळा जगज्जेती. जॅनचा जोर पाय आणि पाठीत, बेव्हचा खांदे आणि छातीत.

---

पाऊलवाट

पाच वजनगटांत विक्रम हे कसं शक्य आहे? म्हणजे वजन वाढत गेलं की कमी?

---

लोहमुद्रा

कमी. सुरुवातीला ती सगळ्यात वरच्या गटात होती. विचार असा होता की ताकद वाढवायची तर शरीरही मोठं हवं. नंतर तिने जाणीवपूर्वक वजन उतरवलं आणि एकेक गट खाली येत 148 पौंडांच्या गटापर्यंत आली, म्हणजे 67 किलो. प्रत्येक गटात नवे विक्रम केले. वजन उतरवताना ताकद टिकवणं किती कठीण असतं हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. जेवण कमी झालं की पहिला फटका बेंचला बसतो, मग स्क्वॉट जड वाटायला लागतो. डेडलिफ्ट सगळ्यात शेवटी जाते. माझं तरी असंच झालं.

आता ज्यासाठी मी खरं तर हा धागा काढला ते लिहिते.

1975 मध्येच या दोघांनी ऑटली कूल्टर नावाच्या जुन्या शक्तिवीराचा संग्रह विकत घेतला. त्याने आयुष्यभर जमवलेली व्यायामाची पुस्तकं, मासिकं, छायाचित्रं, कात्रणं. त्यात भर पडत पडत ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात स्टार्क सेंटर उभं राहिलं, विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्याच इमारतीत. शरीरसंवर्धनाच्या इतिहासाचा एवढा मोठा संग्रह जगात क्वचितच असेल. 1990 मध्ये दोघांनी या इतिहासाला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. जॅनने 1995 मध्ये टेक्सास विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, तीही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बायकांच्या व्यायामावर, 1800 ते 1870 या काळातल्या.

या विषयाची निवड मला फार बोलकी वाटते. जेन द व्हेस्लीबद्दल गिनेस बुकात काय होतं? नाव, गाव, तारीख, पौंड. ती कोण होती, कुठे शिकली, तिला कुणी हसलं का, काहीच नाही. सर्कशीत नवऱ्याला एका हाताने डोक्यावर उचलणारी केटी सँडविना, मिनर्व्हा या नावाने खेळ करणारी जोसेफीन ब्लॅट, अशा कितीतरी बलवान बायका होऊन गेल्या. पण 1973 मध्ये बार उचलणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीला आपल्याआधी कुणी होतं हे सांगणारं काही हाताशी नव्हतं, एक ओळ सोडली तर. जॅनने पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या एका ओळीच्या मागेपुढे पानं जोडली.

---

सकाळची_फेरी

हे वाचून माझं आधीचं म्हणणं थोडं बदललं. संग्रहाबद्दल माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

वजनकाटा

ओहायोतल्या कोलंबसला 2002 पासून जी मोठी स्ट्राँगमन स्पर्धा होते, तिच्या आखणीतही हे दोघं पहिल्यापासून होते. कुठली अवजारं, किती वजन, जुन्या कुठल्या कसरतीचा आधार घ्यायचा, हे ठरवायला त्यांचा इतिहासाचा अभ्यास कामी आला. जॅनने टेरीनंतरही ते काम सोडलं नाही. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळालेली पहिली बाईही तीच.

---

अंगणातली_तुळस

मी या विषयातली नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. माझी मुलगी चौदाची आहे. तिला डेडलिफ्ट शिकायची आहे आणि मी महिनाभर नाही म्हणतेय. उंची खुंटते, पाठ जाते, अंग पुरुषी होतं, असं सगळे सांगतात. खरंच विचारतेय, शिकवू का?

---

लोहमुद्रा

ताई, मी डॉक्टर नाही, त्यामुळे तिला काही जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण उंची खुंटण्याची भीती मनातून काढा. नीट शिकवणारं कुणी शेजारी असेल आणि वजन हळूहळू वाढवलं तर या वयात शिकायला हरकत नाही, असंच आज तज्ज्ञ सांगतात. हाडांसाठी तर वजनाचा व्यायाम फायद्याचाच. जॅनने न्यू जर्मनीत शिकवलेली मुलं शाळकरीच होती.

अंग पुरुषी होण्याबद्दल : मुलींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुलांच्या मानाने फार थोडं असतं. ताकद भराभर वाढते, आकार तेवढा बदलत नाही. आणि थोडा बदललाच तर तो तिने कमावलेला असेल.

सुरुवात रिकाम्या बारने नको, तो 20 किलोचा असतो आणि प्लेटांशिवाय फार खाली बसतो, वाकावं लागतं. हलका बार किंवा केटलबेल (वर मूठ असलेला वजनाचा गोळा) घ्या, गरज पडली तर ठोकळ्यांवर ठेवून उंची वाढवा. पहिले काही आठवडे फक्त तीन गोष्टी बघा : पाठ गोल होत नाही ना, बार पायाला चिकटून वर येतो का, आणि कंबर खांद्यांच्या आधी उडत नाही ना.

---

अंगणातली_तुळस

उत्तराबद्दल मनापासून आभार. तिला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, जॅन टॉड आता काय करते? आणि बूट कुठले घालायचे?

---

लोहमुद्रा

तिला सांगा, जॅन टॉड टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाली, विभागप्रमुखही झाली, आणि स्टार्क सेंटर तिनेच वाढवलं.

बूट सपाट तळव्याचे. धावण्याचे नकोत, त्यांची टाच मऊ असते आणि वजन घेताना पाय डगमगतो. कॅनव्हासचे साधे चालतील. घरी सराव करणार असेल तर नुसते मोजेही चालतात, फक्त फरशी घसरडी नाही ना ते बघा.